चौघांनीं मिळून रचिलेलें राज्य

पावसाळ्यांत मधल्या सुट्टींत मैदानावर जातां येत नाहीं, तेव्हां वर्गांतील चार-पांच मुलें एका बांकाभोंवतीं जमून मोठी थोरली गोष्ट रचावयास बसतात. एक म्हणतो, नायक राजपुत्र असावा. दुसरा म्हणतो, छे, तो चांचा असावा. तिसरा त्यास डोंगरावर एक किल्ला बांधून देतो आणि चौथा लागलीच त्या किल्ल्यास आग लावून मोकळा होतो. तिसऱ्या दिवशीं भांडण जुंपतें, वहीचीं उरलेलीं पानें गणिताच्या कामीं येतात, आणि राजपुत्र कीं चांचा याचा निकाल कायमचा राहून जातो. घरीं पालकांच्या दृष्टीस ती वही पडली तर अभ्यास सोडून हें काय चालविलें आहे, असा प्रश्न येतो तो निराळाच.

विद्यार्थिमित्रहो, असाच उद्योग एका पाळकाच्या घरच्या चार भावंडांनीं एकदां आरंभिला आणि तो तीन दिवसांत न मोडतां जवळजवळ वीस वर्षें चालला. भांडणें त्यांच्यांतहि झालीं, किल्ले त्यांनींहि जाळले; तरी गोष्ट पुढें चालू राहिली. ती कशी चालली, तिचे नियम कोणते होते आणि अखेर तिचें काय झालें, हें येथें सांगावयाचें आहे. त्या चौघांपैकीं तिघी बहिणी पुढें इंग्रजी भाषेंतील मोठ्या ग्रंथकर्त्या म्हणून जगास ठाऊक झाल्या. शार्लट, एमिली आणि अ‍ॅन ब्राँटे हीं त्यांचीं नांवें. आणि चौथा त्यांचा भाऊ ब्रॅनवेल.

इंग्लंडच्या उत्तरेस यॉर्कशायर नांवाचा परगणा आहे. तेथील हॉवर्थ या डोंगराळ गांवीं रेव्हरंड पॅट्रिक ब्राँटे हे १८२० सालीं पाळक म्हणून आले. ते मूळचे आयर्लंडांतील, गरीब घरचे. स्वतःच्या हिमतीवर केंब्रिज येथें शिकून ते धर्मसेवेंत शिरले होते. त्यांच्या घराच्या पुढें देऊळ आणि दफनभूमि, आणि मागें दूरवर पसरलेलें, वाऱ्यानें झोडपलेलें ओसाड माळरान. पुढच्याच वर्षीं त्यांची पत्नी वारली आणि सहा लहान मुलांचा सांभाळ करण्यास मुलांची मावशी येऊन राहिली. १८२५ सालीं मारिया आणि एलिझाबेथ या थोरल्या दोघी मुली कोवन ब्रिज येथील शाळेंत क्षयानें आजारी पडल्या. त्यांस घरीं आणिलें, परंतु दीड महिन्याच्या आंत दोघीहि गेल्या. थोरलीचें वय अकरा, धाकटीचें दहा. शार्लट आणि एमिली याहि त्याच शाळेंत होत्या. त्यांस परत आणून कांहीं वर्षें घरींच ठेविलें. चार मुलें उरलीं तीं एकमेकांस इतकीं धरून कां राहिलीं, हें यावरून समजेल.

या पाळकांविषयीं एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. आपलीं मुलें मनांतलें उघडपणें बोलत नाहींत असें त्यांस वाटे. तेव्हां सहाहि मुलें हयात असतां एकदां त्यांनीं घरांत सांपडलेला एक मुखवटा काढिला आणि एकेकास तो लावून, त्याच्या आडून निर्भयपणें उत्तर द्या, असें सांगून प्रश्न विचारिले. अ‍ॅन तेव्हां चार वर्षांची होती. तुझ्यासारख्या मुलीस सर्वांत अधिक कशाची उणीव आहे, असें विचारतां ती म्हणाली कीं वयाची आणि अनुभवाची. ब्रॅनवेलनें खोडी केली तर काय करावें, असें एमिलीस विचारिलें. आधीं समजूत घालावी आणि न ऐकल्यास फटके द्यावे, असा तिचा निकाल. पुढें गॅस्केलबाईंनीं शार्लटचें चरित्र लिहिलें तेव्हां वृद्ध पाळकांनींच ही हकीकत त्यांस पत्रानें कळविली. दुसऱ्याचें तोंड लावून बोललें कीं स्वतःचें मन मोकळें होतें, हा धडा मुलांना येथेंच मिळाला असावा असें आम्हांस वाटतें.

खेळाचा खरा आरंभ १८२६ च्या जून महिन्यांत झाला. ५ तारखेस पाळक लीड्स शहराहून परतले ते ब्रॅनवेलसाठीं बारा लांकडी शिपायांची पेटी घेऊन. रात्र झाली होती, मुलें निजलीं होतीं. सकाळीं उठतांच ब्रॅनवेल पेटी घेऊन बहिणींच्या खोलीच्या दारांत उभा राहिला. पुढें जें घडलें त्याचीं दोन टिपणें उपलब्ध आहेत आणि दोहोंत मौजेचा फरक आहे. शार्लटच्या टिपणाप्रमाणें तिनें झडप घालून एक शिपाई उचलला, हा ड्यूक ऑफ वेलिंग्टन आणि हा माझा, असें जाहीर केलें. मग एमिलीनें आणि अ‍ॅननें आपापला एकेक घेतला, आणि ब्रॅनवेलनें बोनापार्ट निवडिला. ब्रॅनवेलच्या टिपणांत मात्र असें आहे कीं बहिणींनीं ठेविलेल्या नांवांस त्यानें संमति दिली, शिपाई त्यांच्याकडे केवळ सांभाळावयास दिले, आणि खरे मालक आपणच राहिलों. शार्लट दहा वर्षांची, ब्रॅनवेल नवव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, एमिली सात आणि अ‍ॅन सहा वर्षांची. राज्य स्थापन होण्यापूर्वींच त्याची मालकी कोणाची, हा वाद असा उभा राहिला आणि तो पुढें दहा वर्षें मिटला नाहीं.

शार्लटचा हा वेलिंग्टन आपणांस परका नाहीं. १८०३ सालीं अहमदनगरचा किल्ला घेणारा आणि २३ सप्टेंबर रोजीं आसईच्या रणांत शिंदे व भोसले यांच्या फौजांशीं लढणारा जनरल वेलस्ली तो हाच. हॉवर्थच्या मुलीस तो नेपोलियनचा पाडाव करणारा वीर म्हणून देवासारखा वाटे. आसईच्या आसपासच्या गांवांत त्याची आठवण वेगळ्या रीतीनें राहिली असणार, हें सांगावयास नकोच.

आतां गोष्ट मिळून कशी रचिली जात असे तें पाहूं. याचा एक नमुना शार्लटनें स्वतः लिहून ठेविला आहे. १८२७ च्या डिसेंबरांतील थंडीची रात्र. चौघें स्वयंपाकघरांतील चुलीभोंवतीं बसलीं होतीं. मेणबत्ती लावावी कीं नाहीं यावर टॅबी नांवाच्या घरकाम करणाऱ्या वृद्ध बाईशीं नुकताच वाद झाला होता आणि त्यांत टॅबीच जिंकली होती. बराच वेळ कोणी बोलेना. मग ब्रॅनवेल कंटाळून म्हणाला कीं काय करावें तें सुचत नाहीं. टॅबीनें झोंपावयास जाण्याचा उपाय सुचविला. तो कोणास पसंत पडण्यासारखा नव्हताच. तेव्हां शार्लटनें विचारिलें कीं आपणां प्रत्येकास एकेक बेट मिळालें तर? एवढा प्रश्न पुरे झाला. ब्रॅनवेलनें मॅन बेट मागितलें, शार्लटनें वाइट, एमिलीनें स्कॉटलंडजवळचें अ‍ॅरन, आणि अ‍ॅननें गर्नसी. मग प्रत्येकानें आपल्या बेटावर राहणारीं माणसें निवडिलीं. एमिलीनें सर वॉल्टर स्कॉट या कादंबरीकारास नेलें. शार्लटनें अर्थातच वेलिंग्टनला, त्याच्या दोघां मुलांसह. घड्याळांत सात वाजले आणि सर्वांस झोंपावयास पाठविण्यांत आलें. परंतु दुसऱ्या दिवशीं यादी पुढें चालू झाली.

या लहानशा प्रसंगांत त्यांची सगळी पद्धति दिसते. गोष्टीचा आरंभ कोणत्याहि घटनेनें झाला नाहीं; तो जागेनें झाला. प्रत्येकास स्वतःची जागा मिळाली, तींत दुसऱ्यानें हात घालावयाचा नाहीं. त्यानंतर माणसें आलीं, आणि घटना सर्वांत शेवटीं. आपल्या बांकावरील गोष्ट मोडते याचें एक कारण हेंच कीं आपण एकाच नायकास चौघे चारी बाजूंनीं ओढतों. शिवाय कोणाचीहि सूचना कोणीं नाकारिली नाहीं. अ‍ॅनला आठवें वर्षहि लागलेलें होतें तें संपावयाचें होतें. तरी तिचें गर्नसी इतरांच्या बेटांइतकेंच मान्य झालें.

पुढच्या उन्हाळ्यांत त्यांनीं एका कल्पित बेटावर हजार मुलांची शाळा उभारिली. इमारत राजवाड्यासारखी, परंतु तिच्या पोटांत खोल तळघरें आणि कोठड्या. तेथून आरोळी बाहेर ऐकूं येणार नाहीं अशा. द्वाड मुलांस बडविण्याकरितां ब्रॅनवेलकडे एक मोठा काळा सोटा होता. परंतु तळघराची किल्ली शार्लटनें आपल्यापाशीं ठेविली आणि कोठड्यांची एमिलीनें, आणि कारणहि लिहून ठेविलें: नाहीं तर आंत वाटेल तो अन्याय होईल आणि कोणास कळणार नाहीं. ज्या दोन मुलींनीं एका शाळेंतून आपल्या दोन बहिणी गमावल्या होत्या, त्यांनींच या किल्ल्या घेतल्या हें लक्षांत घेण्यासारखें आहे.

हळूहळू निरनिराळे खेळ एकांत एक मिसळून एक मोठें राज्य तयार झालें. त्याची राजधानी ग्लास टाउन, म्हणजे कांचनगर; पुढें तिला व्हर्डोपोलिस असें भारदस्त नांव मिळालें. ही नगरी त्यांनीं पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर वसविली. मुलांनीं आफ्रिका पाहिली नव्हती. परंतु ब्लॅकवुड नांवाचें मासिक त्यांना वाचावयास मिळे, आणि त्याच्या जून १८२६ च्या अंकांत आफ्रिकेच्या भूगोलावर नकाशासह एक लेख आला होता. शिपाई ज्या महिन्यांत घरांत आले त्याच महिन्यांतला हा अंक. घरांत गोल्डस्मिथचा शालेय भूगोल होता, अरबी भाषेंतील सुरस गोष्टी होत्या, आणि वर्तमानपत्रें येत. या सर्वांतून मिळेल तें उचलून ब्रॅनवेलनें राज्याचा नकाशा काढिला. मध्यें सर्वांची मिळून एक राजधानी, आणि भोंवतीं चार देश: वेलिंग्टनचा देश शार्लटचा, पॅरीचा एमिलीचा, रॉसचा अ‍ॅनचा आणि स्नीकीचा ब्रॅनवेलचा. पॅरी आणि रॉस हे उत्तर ध्रुवाकडील समुद्रांत गेलेले त्या काळचे प्रसिद्ध दर्यावर्दी. धाकट्या बहिणींनीं आपल्या शिपायांचीं जुनीं पोरकट नांवें टाकून हीं धारण केलीं होतीं.

येथें एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. ज्या भूमीवर हीं राज्यें आंखलीं तेथें अशांती लोक राहत होते, आणि इंग्रजांचें त्यांच्याशीं खरेंखुरें युद्ध त्याच सुमारास चाललें होतें. मुलांच्या गोष्टींत बारा वीर जहाजांतून उतरतात, अशांतींशीं लढतात आणि नगर बांधतात. अशांती राजाचा मुलगा क्वाशिया वेलिंग्टनच्या घरीं वाढतो आणि मोठेपणीं आपल्या लोकांच्या बाजूनें उठतो. गोष्टींत तो दुष्ट ठरला आहे. भारतीय वाचकास हें वाचतांना त्याचेंच म्हणणें अधिक न्यायाचें वाटल्यास नवल नाहीं. त्या वयाच्या मुलांस दोष देण्यांत अर्थ नाहीं. परंतु त्यांच्या कल्पनेनें वडील माणसांचीं वर्तमानपत्रें जशींच्या तशीं गिळलीं होतीं, एवढें खरें.

खेळाच्या नियमांपैकीं सर्वांत चतुर नियम जिनांचा. चौघें भावंडें स्वतःच त्या राज्यावरील चार महाजिन झालीं: टॅली, ब्रॅनी, एमी आणि अ‍ॅनी, हीं त्यांचीं राजनामें. युद्धांत वीर पडला तर त्यास पुन्हां जिवंत करण्याचा अधिकार जिनांकडे असे. यामुळें दोन गोष्टी साधल्या. ब्रॅनवेलला लढायांची विलक्षण हौस. त्यानें संध्याकाळीं दहा हजार मारिले तरी सकाळीं खेळास माणसें पुरत. आणि ज्याचा वीर मेला त्यास रडत बसण्याचें कारण उरत नसे. ब्रॅनवेलनें लिहिलेल्या राज्याच्या इतिहासांत एक भयंकर अजस्र राक्षस बाराहि वीरांस उचलून नेतो असें वर्णन आहे; आणि खालीं टीप आहे कीं हा राक्षस म्हणजे पहिल्या दिवशीं पेटी घेऊन बहिणींकडे धांवणारा तो स्वतःच.

परंतु खेळलेलें विसरतें. म्हणून ठरलेलें सर्व लिहून ठेवण्याची रीत पडली, आणि येथेंच त्या खेळाचें साहित्य झालें. जानेवारी १८२९ मध्यें ब्रॅनवेलनें शिपायांसाठीं एक मासिक काढिलें. त्याच वर्षीं तें शार्लटनें आपल्या हातीं घेतलें. शिपायांसाठीं म्हणजे खरोखरच त्यांच्या मापाचें: आगपेटीएवढीं पुस्तकें, साखरेच्या किंवा सामानाच्या पुड्याच्या कागदाचें वेष्टण, दोऱ्यानें शिवलेलीं, आणि छापल्यासारखें अक्षर इतकें बारीक कीं भिंगाशिवाय वाचतां येत नाहीं. त्यांत गोष्टी, कविता, ग्रंथपरीक्षणें आणि जाहिराती, सर्व कांहीं असे. ऑगस्ट १८३० पर्यंत आपण २२ पुस्तकें लिहिलीं अशी यादी शार्लटनें केली आहे. तिचें वय तेव्हां चौदा. बारीक अक्षराचा दुसरा फायदा असा कीं वडील माणसांस तें वाचवत नसे. पाळकांच्या हें लक्षांत आलें असावें. कारण १८३३ सालीं त्यांनीं शार्लटला एक कोरी वही दिली आणि तिच्या माथ्यावर स्वहस्तें बजाविलें कीं या वहींत जें लिहावयाचें तें स्वच्छ आणि वाचतां येईल अशा अक्षरांत असावें. आमच्या शाळेंतील कित्येकांच्या वह्यांवरहि हा शेरा सांपडेल.

त्या मासिकांत भावंडें स्वतःच्या नांवानें लिहीत नसत. शार्लट कधीं कॅप्टन ट्री होई, कधीं वेलिंग्टनचा धाकटा मुलगा लॉर्ड चार्ल्स. ब्रॅनवेल कधीं कॅप्टन बड, तर कधीं यंग सूल्ट नांवाचा कवि. हे लेखक एकमेकांच्या ग्रंथांवर टीका करीत, एकमेकांस खोटे ठरवीत. एकाच प्रसंगाविषयीं दोघांचें जुळलें नाहीं तर गोष्ट मोडत नसे. कॅप्टन बड असें म्हणतो आणि लॉर्ड चार्ल्स तसें, एवढेंच व्हावयाचें. खऱ्या जगांतील इतिहासहि असाच असतो, म्हणून त्या राज्यास खरेपणा आला. भांडणास गोष्टींतच जागा करून देण्याची ही युक्ति आम्हांस त्यांच्या सर्व नियमांत श्रेष्ठ वाटते. शार्लटनें एके ठिकाणीं विगिन्स नांवाचा एक बढाईखोर लालकेस्या तरुण रंगविला आहे. तो कोण, हें घरांत सर्वांस कळलें असणार.

तरी सर्वच भांडणें अशीं पचलीं नाहींत. ऑक्टोबर १८३० च्या अंकांत शार्लटनें लॉर्ड चार्ल्सला एमिलीच्या देशीं, पॅरीच्या राजवाड्यांत, पाहुणा म्हणून पाठविलें. शार्लटच्या देशांत संगमरवरी महाल आणि विजेसारखे चमकणारे उमराव. येथें पाहावें तों दगडी कुंपणें, लहान घरें, आणि जेवणांत भाजलेलें गोमांस, यॉर्कशायरचें पुडिंग, कुसकरलेले बटाटे व सफरचंदाचे पाय. लॉर्ड चार्ल्सनें नाक मुरडून सर्वांची थट्टा केली. वाचावयास तें मजेदार आहे. परंतु त्यांत खरा मतभेद दिसतो: एमिलीला आफ्रिकेंत संगमरवर नको होता, तिला दारासमोरचें माळरानच हवें होतें. सतरा वर्षांनीं ज्या कादंबरीनें ती अमर झाली, ती त्याच माळरानावर घडते.

१८३१ च्या जानेवारींत शार्लट रो हेड येथील शाळेंत गेली आणि त्याच सुमारास धाकट्या दोघींनीं कांचनगरास रामराम ठोकून गोंडल नांवाचें स्वतःचें निराळें राज्य स्थापिलें. मोठ्यांच्या गोष्टींत नेहमीं दुय्यम जागा मिळत राहिली म्हणजे धाकटे उठून जातात, हें प्रत्येक घरीं घडतें. शार्लट आणि ब्रॅनवेल यांनीं १८३४ सालीं जुन्या राज्याच्या पूर्वेस अँग्रिया हा नवा देश उभारिला: सात प्रांत, आड्रियानोपोलिस ही राजधानी, आणि राजा झामोर्ना, म्हणजे तोच वेलिंग्टनचा थोरला मुलगा, शार्लटचा नायक. ब्रॅनवेलचा नायक नॉर्थँगरलंड हा राजाचा सासरा, प्रधान आणि वैरी. झामोर्नाची राणी मेरी ही नॉर्थँगरलंडची मुलगी. एकाचा नायक दुसऱ्याच्या नायकाशीं असा बांधला गेला कीं एकानें पाऊल उचललें तर दुसऱ्यास हललेंच पाहिजे.

आतां दोघांच्यामध्यें अंतर पडलें. १८३५ च्या जुलैंत शार्लट रो हेड येथेंच शिक्षिका म्हणून गेली; ब्रॅनवेल घरीं. अँग्रियांत यादवी सुरू झाली ती ब्रॅनवेलच्या लेखणीनें. शार्लटला बातम्या पत्रांतून कळत. दिवसभर मुलींचें व्याकरण तपासावें, आणि क्षणभर डोळे मिटावे तों अँग्रियाचें मैदान दिसावें. तेवढ्यांत कोणी तरी विद्यार्थिनी पाटी घेऊन पुढें उभी राही. त्या काळचीं तिचीं टिपणें वाचून शिक्षकवर्गास तिची दया येईल आणि विद्यार्थ्यांस त्या मुलीची. १८३६ च्या शरदांत ब्रॅनवेलनें राणी मेरीस मारिलें. शार्लटला नक्की कांहींच कळेना. राणी खरोखरच मेली का, एकटीच थंड मातींत पडली आहे का, असें ती दूर शाळेंत बसून टिपणांत विचारते. खऱ्या मैत्रिणीविषयीं विचारावें तसें. जिनांचा काळ आतां उरला नव्हता. मोठ्या वयाच्या गोष्टींत मेलेलें माणूस मंत्रानें उठत नाहीं, हें दोघांसहि माहीत होतें. नाताळच्या सुट्टींत ती घरीं आली आणि तिनें लेखणी उचलून लिहिलें कीं राणी मेलीच नव्हती. मृत्यूची बातमी खोटी होती. ब्रॅनवेलनें तें मान्य केलें आणि युद्ध पुढें चाललें.

हें वेड आपल्यास कोठें नेणार, ही धास्ती शार्लटला होतीच. तिनें राजकवि सदे यांस आपल्या कविता पाठविल्या. मार्च १८३७ मध्यें त्यांचें उत्तर आलें: दिवास्वप्नांत रमल्यानें जगांतील साधीं कामें नीरस वाटूं लागतील, आणि वाङ्मय हा स्त्रीच्या आयुष्याचा उद्योग होऊं शकत नाहीं. पहिल्या वाक्यांत कांहीं तथ्य होतें. दुसऱ्याचें काय झालें तें सर्वांस विदित आहे. तिनें पत्र जपून ठेविलें आणि लिहिणें चालू ठेविलें. १८३९ च्या सुमारास मात्र एका लहानशा लेखांत तिनें अँग्रियाचा निरोप घेतला: त्या तापलेल्या, रंगांनीं भरलेल्या देशांत फार दिवस राहिलें, आतां ढगाळ, निवांत हवेंत डोळ्यांस विसांवा हवा, अशा अर्थाचा. निरोप घेतांना तिला आपले आप्त सोडून परक्या देशीं जात आहों असें वाटलें. ऑक्टोबर १८४७ मध्यें तिची 'जेन एअर' प्रसिद्ध झाली. तींतील रॉचेस्टरच्या चेहऱ्यांत झामोर्ना ओळखूं येतो, आणि लोवुड शाळेंत कोवन ब्रिज.

ब्रॅनवेलला मात्र तो निरोप घेतां आला नाहीं. चित्रकला, शिकवणी, रेल्वेची कारकुनी, सर्व करून झालें आणि कशांतहि जम बसला नाहीं. १८४१ पासून हॅलिफॅक्सच्या वर्तमानपत्रांत त्याच्या कविता येऊं लागल्या, त्यांखालीं सही असे नॉर्थँगरलंड. चौघांत नकाशा काढणारा, इतिहास लिहिणारा, नियम घालणारा तोच. मद्य आणि अफू यांनीं प्रकृति पोखरली आणि २४ सप्टेंबर १८४८ रोजीं, एकतिसाव्या वर्षीं, तो वारला. याचा दोष कांहीं जण त्या खेळावर ठेवितात. आम्हांस तसें वाटत नाहीं. त्याच खेळांत त्याच्या बहिणीहि होत्या.

आतां गोंडलविषयीं थोडें. ज्याला आपण सोंग घेऊन खेळणें म्हणतों तें एमिली आणि अ‍ॅन यांनीं शेवटपर्यंत सोडिलें नाहीं. त्या दर कांहीं वर्षांनीं एक टिपण लिहून डबींत ठेवीत आणि पुढच्या खेपेस उघडीत. २४ नोव्हेंबर १८३४ च्या टिपणांत एकाच दमांत लिहिलें आहे कीं टॅबी बटाटे सोलावयास सांगत आहे आणि गोंडलचे लोक गाल्डीन बेटाचा अंतर्भाग शोधीत आहेत. दोन्ही बातम्या सारख्याच महत्त्वाच्या. जून १८४५ च्या अखेरीस दोघी प्रथमच एकट्या आगगाडीनें यॉर्कच्या प्रवासास निघाल्या. एमिली सत्तावीस वर्षांची व्हावयाची होती, अ‍ॅन पंचविशी उलटलेली. सबंध प्रवासभर त्या गोंडलचे राजपुत्र आणि राजकन्या झाल्या होत्या. एमिलीनें त्या सर्वांचीं नांवें ओळीनें नोंदिलीं आहेत. परत आल्यावरच्या टिपणांत ती लिहिते कीं हे सोबती आनंद देतात तोंवर आपण त्यांस सोडणार नाहीं. अ‍ॅनचें त्याच वेळचें टिपण अधिक उदास आहे. गोंडलमंडळी आतां खेळण्याच्या स्थितींत फारशी राहिली नाहीं असें तिला वाटूं लागलें होतें. दोघींचीं टिपणें एकत्र वाचलीं म्हणजे धाकटीनें बहिणीच्या समाधानासाठीं किती दिवस खेळ चालविला असेल, असा विचार मनांत येतो.

त्याच शरदांत शार्लटच्या हातीं एमिलीच्या कवितांची वही लागली. न विचारतां वाचली म्हणून एमिली फार रागावली. परंतु अखेर समजूत पटली आणि १८४६ सालीं तिघींच्या कवितांचें पुस्तक पुरुषी नांवांनीं निघालें. छापण्यापूर्वीं एमिलीनें आपल्या कवितांतून गोंडलचीं सर्व नांवें काढून टाकिलीं. त्या पुस्तकाच्या पहिल्या वर्षांत दोनच प्रती खपल्या. एमिलीची 'वुदरिंग हाइट्स' आणि अ‍ॅनची 'अ‍ॅग्नेस ग्रे' या कादंबऱ्या डिसेंबर १८४७ मध्यें आल्या. १९ डिसेंबर १८४८ रोजीं एमिली गेली आणि २८ मे १८४९ रोजीं अ‍ॅन. शार्लट १८५५ पर्यंत जगली. सहाहि मुलांस मूठमाती देऊन वृद्ध पाळक १८६१ सालीं वारले.

कांचनगराचीं आणि अँग्रियाचीं पुष्कळ हस्तलिखितें टिकलीं. १८३० सालच्या मासिकाचा एक चिमुकला अंक नोव्हेंबर २०१९ मध्यें पॅरिसच्या लिलावांत आला, तेव्हां ब्राँटे सोसायटीनें ६ लाख युरोंची बोली देऊन तो हॉवर्थच्या त्याच घरीं, जेथें आतां संग्रहालय आहे, परत नेला. गोंडलच्या गद्य कथा मात्र एकहि उरल्या नाहींत. कविता आहेत, टिपणें आहेत, आणि घरांतल्या गोल्डस्मिथच्या भूगोलाची प्रत आहे. तिच्या मागील भागांत जगांतील देशांची व शहरांची वर्णानुक्रमें सूची आहे, आणि तींत खऱ्या नांवांच्या मध्यें जागा सांपडेल तेथें अ‍ॅननें आपल्या हातानें नांवें भरलीं आहेत: गोंडल, उत्तर पॅसिफिक महासागरांतील एक मोठें बेट; रेजिना, गोंडलची राजधानी; गाल्डीन, दक्षिण पॅसिफिकांत नुकतेंच सांपडलेलें बेट; आणि त्याच गाल्डीनमधील उला नांवाचें एक राज्य, ज्यावर चौघे राजे मिळून राज्य करितात.